बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, सात महिन्यांनी

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही, अकाउंट्सवाली आहे. पण घरात वायफाय बंद पडलं, प्रिंटरने कागद गिळला किंवा टीव्हीचा आवाज गेला की हाक मलाच येते, त्यामुळे इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरापुरती आयटी डिपार्टमेंट मीच. २०२५ च्या ऑगस्टमधे बाबांच्या लॅपटॉपवरून विंडोज १० ला निरोप देऊन लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट सिस्टिम. पहिल्याच आठवड्यात लिहिणार होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसती आरती झाली असती, म्हणून मुद्दाम थांबले.

लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. बाबा बटण दाबून देवपूजेला बसायचे आणि पूजा झाली की लॅपटॉपही नुकताच उठलेला असायचा, दोघांचं छान जमलं होतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मला माहीत होतं, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पण, म्हणजे आमचं नाव यादीतूनच बाद. आडमार्गाने ११ टाकता येतं म्हणे, पण ७२ वर्षांच्या माणसाच्या लॅपटॉपवर असले आडमार्ग मला नको होते. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून घ्यायची सोय होती, पण मग पुढच्या वर्षी हाच रडका कार्यक्रम परत. आरएनटी मार्गावर एका दुकानात दाखवला तर त्याने न उघडताच वरून हात फिरवला आणि म्हणाला, "दीदी, इसमें अब दम नहीं है, नया ले लो." बाबांनी तिथेच लॅपटॉप पिशवीत घातला. माणसाला असं बोललेलं असावं असा चेहरा.

तर आता खरी गोष्ट, जी लिनक्सवाले कधी धड सांगत नाहीत. लॅपटॉप वाचवला तो मुख्यतः एसएसडीने, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कने. २५६ जीबीची एसएसडी साडेसतराशेला पडली, सेकंडहँड ४ जीबीची रॅमची पट्टी आठशेला, बस. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी काढून तिथे एसएसडी बसवली की कुठलीही सिस्टिम पळते, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी विंडोज ठेवूनच हे केलं होतं आणि तोही असाच जिवंत झाला होता. त्यामुळे "लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप रॉकेट झाला" असं कोणी म्हणालं की आधी विचारा, डिस्क कोणती आहे. मिंटचा फायदा नाही असं नाही. चालू होऊन नुसतं बसलेलं असताना ते एक जीबीच्या आसपास रॅम खातं, पुढे २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत, आणि फुकट आहे. पण मेहनत एसएसडीची आणि कौतुक लिनक्सच्या पेंग्विनचं, असं व्हायला नको.

मागचं झाकण उघडलं तेव्हा आत काय मिळालं सांगू? शेव. पंख्याच्या पात्यांत धूळ होतीच, पण कीबोर्डच्या खालच्या बाजूला शेवेचे बारीक तुकडे, तेही पिवळेधमक, आणि एका कोपऱ्यात जिरावनासारखं, म्हणजे आमच्या पोह्यांवरच्या मसाल्यासारखं, काहीतरी. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "ते तुझ्या आईचं असेल." आई लॅपटॉपला हात लावत नाही. रंगकामाच्या ब्रशने सगळं झाडलं आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर आला. यासाठी ना विंडोज लागतं ना लिनक्स, इंदूरवाल्यांनी नाश्ता दुसऱ्या टेबलावर करावा एवढंच.

जुनी हार्ड डिस्क मी फेकली नाही, तिला दोन-अडीचशेची यूएसबी केस घेतली आणि ती बाहेरून जोडते. इथे एक गंमत झाली. मिंटमधे फायली दिसत होत्या पण बदल सेव्ह होईनात, अर्धा दिवस मला वाटत राहिलं डिस्कच गेली. कारण भलतंच निघालं, विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा अर्धझोपेतल्या डिस्कला लिनक्स फक्त वाचतं, लिहायला हात लावत नाही. म्हणून डिस्क काढायच्या आधी विंडोजमधे ते फास्ट स्टार्टअप बंद करा, मग शट डाउन. मला ही अक्कल नंतर आली, स्क्रू परत उघडावे लागले.

इन्स्टॉल करणं मात्र खरंच सोपं. पेन ड्राइव्हवर मिंट २२.१ घेतलं, त्यावरूनच चालवून बघितलं, आवाज आहे, कॅमेरा आहे, टचपॅड चालतंय, वायफाय... वायफाय नाही. आता वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट वायफायवरून, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. उपाय अगदी साधा आहे पण वेळेवर सुचत नाही. मोबाईल यूएसबी केबलने जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मिंट त्याला वायरचं इंटरनेट समजतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून तो सांगेल तो ड्रायव्हर टाकायचा. दहा मिनिटं. नंतर २२.२ आलं तेव्हा ते अपडेट मॅनेजरमधूनच झालं, बाबांना पत्ताही लागला नाही.

बाबा कसे रुळले, तर मला धक्का बसावा इतके लगेच. खालच्या डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, त्यांच्या दृष्टीने काही बदललंच नाही. फायरफॉक्सला ते अजून "गुगल" म्हणतात आणि लिबरऑफिसला "वर्ड". खालच्या पट्टीतल्या ढालीवर ठिपका आला की अपडेट करायचं एवढं शिकवलं होतं, तर आता ठिपका आला नाही की मला ऑफिसात फोन, "आज ढाल गप्प आहे, काही बिघडलं का?"

त्रास झाला तो मलाच. म्हणजे गरज नसताना थीम बदल, आयकॉन बदल, रात्री एक वाजता डॉक, म्हणजे आयकॉनची पट्टी, गोल करायची की चौकोनी. कॉलनीत एक इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, त्याला काही विचारायला गेलं की पहिलं वाक्य "ताई, मी तर आर्च वापरतो", मग दुसरं वाक्य पण तेच. आर्च म्हणजे सगळं स्वतः जुळवायला लागणारं लिनक्स. त्याने मला मिंट म्हणजे तीनचाकी सायकल असं ऐकवलं. म्हटलं बाळा, बाबांना चौथं चाक पण चालेल.

आता मराठी टायपिंग, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. बाबा मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम वर्षानुवर्षं करतात आणि आपल्या मध्य प्रदेशात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचं, सगळं विश्व कृतिदेव फॉन्टवर उभं. आता कृतिदेव म्हणजे काय, तर फाइलीच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. फॉन्ट काढला की कपडे गेले. मिंटवर पहिल्यांदा बाबांची जुनी फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, स्वल्पविरामांचा चिवडा. बाबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग हळूच, "वीस वर्षांचं आहे ते." मी जुन्या डिस्कवरून कृतिदेवची फॉन्ट फाइल घेतली, डबल क्लिक केलं, इन्स्टॉल दाबलं, लिबरऑफिस बंद करून परत उघडलं आणि सगळं जसंच्या तसं. बाबांना वाटलं मी काहीतरी ग्रेट केलं, मी पण नाही म्हणाले नाही.

पण नवीन लिहायचं ते युनिकोडमधेच असं मी हट्टाने ठरवलं, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो, फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. सेटिंगमधून इनपुट मेथडला मराठी जोडलं आणि त्यात इनस्क्रिप्ट. हा सरकारमान्य कीबोर्ड १९८६ पासूनचा आहे आणि एकदा त्याचं डोकं कळलं की सुंदर आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. आमच्या आजूबाजूला सगळे हिंदीवाले, त्यामुळे ज्याला विचारावं तो हिंदी कीबोर्ड सांगतो आणि म्हणतो ळ कुठे लागतो. अरे, आमचं बाळ, केळं, डोळा, वेळ, सगळं ळवरच अडकलेलं! तर ळ शिफ्ट दाबून एनवर. आणि "दुसऱ्या"मधला तो अर्धा र हवा असेल तर शिफ्ट आणि जे, मग डी (हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह), मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर य. हे मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनखाली चिकटवलं. बाबा तीन आठवड्यांत दोन बोटांवरून चार बोटांवर आले, चिठ्ठी अजून आहे पण तिच्याकडे बघत नाहीत.

त्या अर्ध्या र ची एक भानगड सगळ्यांना माहीत असायला हवी. तो दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडाक्षर-चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द. स्मरणिकेत तिघांनी तीन ठिकाणाहून लेख पाठवले होते, बाबांनी "कार्यकर्त्यांच्या दुसऱ्या पिढीने" शोधलं तर सापडेना, आणि तो लेख समोरच उघडा होता. ॲ चं पण तेच, हे अख्खं अक्षर युनिकोडमधे २००८ ला आलं, त्याच्या आधीचे लोक अ वर चंद्र जोडून काम भागवायचे, दोन्ही प्रकार अजून फिरतायत. यात मिंटचा दोष काही नाही, विंडोजवर पण हेच होतं. मी फाइंड अँड रिप्लेसने सगळे एकसारखे करून टाकते आणि मगच बाबांना देते.

दुसऱ्यांकडून आलेल्या वर्ड फायली लिबरऑफिसमधे उघडल्या की कधीकधी तीन पानांचा मजकूर सव्वातीन पानं होतो. इंग्रजीला फारसा प्रश्न नाही, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो फॉन्ट आहे, मराठीत मात्र समोरच्याने विंडोजमधला मंगल फॉन्ट वापरलेला असतो आणि इथे दुसराच फॉन्ट येतो, त्यामुळे ओळी सरकतात. छपाईला जायचं असेल तर पीडीएफ करूनच द्या, वाद मिटतो.

प्रिंटर. कंपनीचं नाव घेत नाही. नवे वायफायवाले प्रिंटर बहुतेक न सांगता ओळखले जातात, शेजारच्या काकांचा लगेच सापडला. पण आमचा जुना यूएसबीचा लेझर त्यातला नाही, स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय बोलतच नाही. दोन रविवार गेले, एकदा छापलं तर सत्तर पानं भरून नुसती चिन्हं, कागदाचा अख्खा गठ्ठा. शेवटी चालला, पण दर चार-पाच दिवसांनी रुसतो आणि केबल काढून घालावी लागते. हे सात महिन्यांत सुटलेलं नाही.

डिसेंबरमधे एकदा अपडेटनंतर झाकण मिटून उघडलं की स्क्रीन काळीच. बाबांनी सरळ जाहीर केलं, "गेला." चालू होताना ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधे जाऊन आधीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडला, ठीक. महिन्याभराने नवा कर्नल आला तो नीट निघाला. म्हणून सांगते, पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट लावून ठेवा, सिस्टिमचा फोटो काढून ठेवल्यासारखं आहे ते, बिघडलं की मागच्या तारखेला परत जाता येतं. मात्र आपल्या फायलींचा बॅकअप ते सांगितल्याशिवाय घेत नाही, तो वेगळा घ्यायचा.

आणि एक मस्त प्रसंग. जानेवारीत बाबा पंचांग बघत असताना पूर्ण स्क्रीनभर लाल खिडकी आली, तुमच्या कॉम्प्युटरमधे पाच व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा, भोंगा पण वाजतोय. बाबा शांतपणे मला म्हणाले, "हा खोटा आहे." कसं कळलं? तर त्या चित्रात खालची पट्टी आणि खिडक्या विंडोजच्या होत्या. "आपल्याकडे तर ते नाहीच!" मला इतका आनंद झाला की विचारू नका. पण बजावून ठेवलं, फोनवर बोलून ओटीपी काढणाऱ्यापुढे लिनक्स काही करू शकत नाही, तसं झालं तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आता ते इतके सावध झालेत की क्रोमने पासवर्डच्या किल्लीसाठी खिडकी दाखवली तर ती पण चोर समजून बंद केली. ऑटो लॉगिन ठेवलं की ती खिडकी येते, खरी असते, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी ऑटो लॉगिनच काढलं.

अकाउंट्सचं टॅली रोज लागत असेल तर या फंदात पडू नका, ते थेट चालत नाही. माझा ऑफिसचा लॅपटॉप म्हणूनच विंडोजवर आहे आणि राहणार. घरच्या माझ्या लॅपटॉपवर दोन्ही ठेवून बघितलं तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जायला लागलं, कारण लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच इंदूरची वेळ समजतं. टर्मिनलमधल्या एका ओळीने सुटतं, पण त्याआधी मी एक मीटिंग चुकवली.

सध्या घरात कृतिदेवच्या जुन्या फायली युनिकोडमधे आणायचं काम चालू आहे. कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेला, त्यामुळे अर्धा र हाताने दुरुस्त करावा लागतो. एकूण दीडशे फायली, चाळीस झाल्यात. मी म्हटलं रोज पाच केल्या तर महिन्यात संपतील. बाबा रोज एकच करतात. काल २००३ च्या अंकाची उघडली होती, तासाभराने जाऊन बघितलं तर एक ओळ दुरुस्त केलेली नव्हती, चष्मा कपाळावर, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवत होते.