सोल्डरिंगसाठी मायक्रोस्कोप : चार पर्याय आणि कोकणची हवा

किती पट मोठं दिसतं हे शेवटी विचारा. आधी दोनच गोष्टी बघा : भिंगाखाली सोल्डरिंगचं आयर्न धरलेला हात मावतो का, आणि दोन्ही डोळ्यांनी खोली कळते का. सोल्डरिंग ५ ते १५ पटीत होतं. जोड तपासायला २० ते ३० पट पुरेत. घरच्या टेबलावर ४० च्या वर जायची वेळ क्वचित येते. त्यामुळे खोक्यावर '१६०० पट' छापलेला पेनाएवढा यूएसबी मायक्रोस्कोप या यादीतच नाही. तो आकडा चित्र स्क्रीनवर ताणून काढलेला असतो, आणि भिंग सर्किट बोर्डाच्या इतकं जवळ आणावं लागतं की आयर्न आत शिरतच नाही.

उरतात चार : डोक्याला लावायचं भिंग, स्क्रीनवाला डिजिटल मायक्रोस्कोप, ठरावीक पटीचा स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी बघायचा, खोली दाखवणारा) आणि पट कमी-जास्त करता येणारा झूम स्टिरिओ. भाव सतत हलतात, पण अंदाज म्हणून धरा : भिंग हजाराच्या आतबाहेर, बरा स्क्रीनवाला आठ ते पंधरा हजार, लांब हाताच्या स्टँडसह झूम स्टिरिओ पंचवीस ते पन्नास हजार. ठरावीक पटीचा मधे कुठेतरी.

आधी कामाची यादी करा

तुमच्या बोर्डावर काय असतं यावर निम्मा निर्णय होतो. बारीक भागांच्या मापांना आकड्यांची नावं असतात : ०८०५ म्हणजे २ × १.२५ मिमी आणि ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिमी. हे रेझिस्टर डोक्याच्या भिंगाने आरामात बसतात. आर्डुइनोवरची एटमेगा३२८पी चिप टीक्यूएफपी-३२ (चारी बाजूंनी मिळून ३२ पायांच्या चौकोनी) पॅकेजमध्ये येते, तिच्या पायांतलं अंतर ०.८ मिमी. तीही अडीच पटीच्या भिंगाखाली, चांगल्या उजेडात जमते. एफटी२३२आरएल या यूएसबी चिपचे पाय ०.६५ मिमीवर असतात, तिथे मान अवघडायला लागते. सीपी२१०२ ची क्यूएफएन चिप (०.५ मिमी, पाय बाहेर दिसतच नाहीत), टाइप-सी सॉकेट (तेही ०.५) आणि आरपी२०४० चिप (७ × ७ मिमीत ५६ पाय, अंतर ०.४) इथपर्यंत पोचलात की स्टिरिओला पर्याय नाही. ०४०२ म्हणजे १ × ०.५ मिमीचा कपॅसिटर भिंगाखाली बसवता येतो. तो सरळ बसला की एका टोकाला उभा राहिला, हे मात्र नीट कळत नाही.

इन्व्हर्टर, मिक्सरचा रेग्युलेटर, पाल चिकटून जळलेली वॉशिंग मशीनची पाटी अशीच कामं येत असतील, तर डोक्याचं भिंग घ्या आणि उरलेल्या पैशात चांगलं आयर्न घ्या. भिंग निवडताना पट वाढले की अंतर कमी होतं हे लक्षात ठेवा : अडीच पटीचं साधारण २० सेंमीवर स्पष्ट दिसतं, साडेतीन पटीचं १० सेंमीवर. साडेतीनचं घेतलं तर फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्या राळेचा) धूर थेट नाकात.

स्क्रीनवाला : बघायला उत्तम, करायला अवघड

त्याचे फायदे खरे आहेत. मान ताठ राहते, चष्मा आड येत नाही, एक डोळा अधू असला तरी चालतं, शेजारी बसलेल्या पोराला तेच चित्र दाखवता येतं. मासे शोधणाऱ्या यंत्राच्या बोर्डावर खाऱ्या पाण्याने हिरवा पडलेला ट्रॅक होडीच्या मालकाला फोटो काढून पाठवता येतो; 'बोर्ड गेला' असं नुसतं सांगण्यापेक्षा त्याला ते पटतं.

अडचण सपाट चित्राची. आयर्नचं टोक पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) टेकलंय की दोन मिमी वर तरंगतंय, हे एका कॅमेऱ्याला सांगता येत नाही. सरावाने हात सावलीवरून अंदाज घेतो, पण तोवर दोन-चार पॅड उखडलेले असतात. दुसरी अडचण उशिराची : हात हलतो आणि चित्र मागून येतं. एचडीएमआयने थेट मॉनिटरला जोडलेल्या कॅमेऱ्यात हे कमी जाणवतं, यूएसबीवरून संगणकात जाणाऱ्यात जास्त. घ्यायचाच असेल तर एचडीएमआय असलेला, सेकंदाला ६० फ्रेमचा आणि भिंगाखाली किमान १० सेंमी मोकळी जागा ठेवणारा घ्या. सोबतचा बारीक स्टँड बटण दाबताना डुलतो. बटणाऐवजी रिमोट असेल तर निम्मा त्रास वाचतो.

ठरावीक पटीचा : कॉलेजातला ओळखीचा चेहरा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फुलं-किडे बघायला ठेवतात तो हा. २० आणि ४० पट, किंवा १० आणि २०. आपल्याकडे बरेचसे अंबाल्यात बनतात. भिंगं बहुधा ठीक असतात, घात होतो स्टँडचा. मागचा खांब जवळ असल्याने बोर्ड सरकवला की खांबाला आपटतो, आणि ट्रॉलरवरच्या यंत्राचा बोर्ड वहीएवढा असतो. खालून येणाऱ्या दिव्याचा उपयोग शून्य, कारण बोर्डातून उजेड पार जात नाही. २०-४० वाला तर नकोच : २० पटीत जेमतेम १० मिमीचं वर्तुळ दिसतं, म्हणजे आयर्न त्यात आणायलाच शोधाशोध.

या वर्गात एकच प्रकार विचारात घ्यावा : फक्त १० पटीचा, आडव्या हातावर बसवलेला, खाली २० सेंमीच्या वर जागा देणारा. त्यात २० मिमीचं वर्तुळ दिसतं, गरम हवेने सोल्डर वितळवायची नळीही मावते. झूमचं बजेट नसेल तर हा प्रामाणिक पर्याय आहे. तपासणीसाठी २० पटीच्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगांची) जोडी वेगळी घ्यायची.

झूम स्टिरिओ

बाजारात सर्वाधिक दिसणारी जात ७ ते ४५ पटीची. ऑब्जेक्टिव्ह (बोर्डाकडचं भिंग) ०.७ ते ४.५, आयपीस १० पटीचे, त्यावर २० हा फील्ड नंबर. हिशोब सोपा : फील्ड नंबरला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ७ पटीत २८.६ मिमी, ४५ पटीत ४.४ मिमी. इएसपी३२ या वायफाय चिपचं नेहमीचं व्रूम (WROOM) मॉड्यूल १८ × २५.५ मिमी असतं; ते ७ पटीत दिसतं, पण चारी कोपरे कापले जातात.

म्हणून अर्ध्या पटीचं बार्लो, म्हणजे खाली लावायचं जादा भिंग, सोबतच मागवा. ते खाली फिरवून बसवलं की पल्ला ३.५ ते २२.५ होतो, वर्तुळ ५७ मिमीपर्यंत पसरतं, आणि महत्त्वाचं म्हणजे खालची मोकळी जागा सुमारे १०० मिमीवरून १६० च्या पुढे जाते. १०० मिमीत आयर्न तिरकं धरून काम होतं, पण मूठ सतत रिंग लाइटला (भिंगाभोवतीच्या गोल दिव्याला) घासते. १६० मध्ये हात मोकळा. त्या बदल्यात बारीक तपशील दाखवण्याची ताकद घटते, म्हणून क्यूएफएनच्या कडा तपासताना बार्लो काढा. दोन पटीचं बार्लो मात्र घेऊ नका. खाली जेमतेम तीन सेंमी उरतात.

तिसऱ्या नळीच्या मॉडेलकडे मन ओढतं, कारण कॅमेरा लावता येतो. स्वस्त प्रकारात कॅमेऱ्याकडे उजेड वळवणारा दांडा ओढला की एका डोळ्याला काळोख. म्हणजे व्हिडिओ चालू असताना तुम्ही एका डोळ्याने सोल्डरिंग करता, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं. दोन्ही डोळे आणि कॅमेरा एकत्र चालणारा प्रकार वेगळा मिळतो आणि महाग असतो. महिन्यातून दोन फोटो हवे असतील तर दोन नळ्यांचा घ्या आणि मोबाइल आयपीसला अडकवायचा क्लॅम्प घ्या.

जुना चालेल का? चालेल, कधीकधी नव्यापेक्षा चांगला. बॉश अँड लोम्बचा स्टिरिओझूम ४ (७ ते ३० पट) किंवा निकॉन-ऑलिंपसची जुनी डोकी (स्टँड सोडून वरचा भिंगांचा भाग) मुंबई-पुण्याहून मिळतात. घेण्याआधी खालून टॉर्च मारा, आयपीस काढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती साफ करायला झूमचं अंग उघडलं की दोन नळ्यांची जुळणी बिघडते, त्यामुळे तो स्वस्तात मिळाला तरी महाग पडतो.

स्टँडवर कंजुषी नको

डोकं एकच, स्टँड तीन : खांबाचा, लांब आडव्या हाताचा, स्प्रिंगच्या सांध्यांचा. खांबाचा स्वस्त आणि स्थिर, पण मोठ्या बोर्डाला नालायक. स्प्रिंगचा टेबलाला क्लॅम्प होतो, जागा वाचवतो, पण क्लॅम्पखालची फळी जाड नसेल तर चित्र थरथरतं. लांब हाताचा सगळ्यात सोयीचा. त्याचा तळ जड असतो आणि तो तसाच हवा. डोकं अडकवायच्या कड्याचा व्यास विचारून घ्या. ७६ मिमी नेहमीचा, पण जुन्या डोक्यांना वेगळा लागतो.

लाकडी माळ्यावर किंवा हलक्या टेबलावर हा ठेवलात तर घरात कुणी चाललं तरी २० पटीत बोर्ड नाचतो. चिऱ्याच्या भिंतीला टेकून कडाप्प्याची लादी असलेला ओटा असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. धूर ओढणारा पंखा त्याच टेबलावर ठेवू नका. त्याचा कंप थेट स्टँडमध्ये जातो.

उजेडाबद्दल थोडंच : रिंग लाइट कामाला हवाच, पण तो सगळ्या सावल्या खातो. इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती पडलेली गोल भेग रिंगखाली गुळगुळीत दिसते. रिंग बंद करून बाजूने खालच्या कोनात टॉर्च धरला की काळी रेघ उठते. अर्धी रिंग बंद करता येणारी मिळाली तर घ्या. ५ व्होल्टवर चालणारी रिंग असेल तर वीज गेल्यावर पॉवर बँक पुरते. १२ व्होल्टची असेल तर काम थांबवायचं.

आगोटीच्या आधी

हा भाग पुण्यातल्या माणसाने वगळला तरी चालेल, रत्नागिरी-मालवणच्या माणसाने नाही. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि भिंगावरच्या बुरशीला साधारण ६५-७० च्या वर फार काही लागत नाही. प्लास्टिकचं आच्छादन ओल आतच कोंडतं. पावसात सुती कापड बरं.

सर्वांत सोपा उपाय असा : काम झालं की कड्याचा एक स्क्रू सैल करून डोकं उचलायचं आणि रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवायचं. २०-२५ लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५-५० ला राहिला पाहिजे. नारिंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका; घ्यावंच कशाला? रोज डोकं उतरवणं जमत नसेल तर बंद कपाटात छोटा साधा बल्ब. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ५ अंशांनी तापली की आर्द्रता ६४ च्या आसपास येते. पाण्याचा थेंबही न काढता. कपाटात डांबरगोळ्या मात्र नकोत. त्यांची वाफ थंड काचेवर परत बसते आणि धुकट थर धरते. कापराचंही तसंच.

खाऱ्या वाऱ्याने स्टँडचा खांब पहिल्याच पावसात ठिपके धरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात महिन्यातून एकदा पुरे, पण फोकसच्या दातेरी पट्टीवरचं ग्रीस पुसू नका. फ्लक्सच्या धुराची राळ खालच्या भिंगावर बसते. बहुतेक ७-४५ डोक्यांना खाली ४८ मिमीचे आटे असतात, तिथे साधी पारदर्शक काच फिरवून ठेवली की राळ तिच्यावर बसते. बार्लो लावलेला असेल तर तोच ढाल. पुसायला मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन नको. बाटली पावसात उघडी राहिली तर अल्कोहोल पाणी ओढतं आणि काचेवर डाग सोडतं.

आल्या दिवशीची तपासणी

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. आलेख-कागदावर बारीक टिंब काढा, पूर्ण पटीत वर्तुळाच्या मधोमध आणा, आणि एकेक डोळा मिटून बघा. टिंब दोन्ही डोळ्यांना जवळपास त्याच जागी दिसलं पाहिजे. वर-खाली सरकलेलं असेल तर डोळे ते ओढून जुळवतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. स्वस्त मालात हाच दोष सर्वाधिक असतो, आणि घरी दुरुस्त होत नाही.

मग फोकस जुळवा : कमाल पटीवर फोकस करा, फोकसला हात न लावता किमान पटीवर या, आणि प्रत्येक डोळ्यासाठी आयपीसची कडी फिरवून स्पष्ट करा. दोनदा करा. आता झूम फिरवताना चित्र स्पष्टच राहायला हवं. राहत नसेल तर डोकं परत. चष्मा लावूनच काम करणार असाल तर उंच दृष्टिबिंदूचे (डोळा थोडा लांब असला तरी पूर्ण चित्र दाखवणारे) आयपीस मागवलेत ना, हेही इथेच कळेल : चष्म्यासकट वर्तुळाची कड सगळीकडून दिसली पाहिजे.

लांब हाताचा स्टँड डोक्यासकट पंधरा-वीस किलोचा ऐवज असतो. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत पोटमाळ्यावर ठेवा. त्या मापाचं पॅकिंग तालुक्याच्या गावी नव्याने जमवणं सोपं नाही.