झोन दाखला आणि भाग नकाशा: प्लॉट घेण्याआधी काढावा का?

जळगाव-धुळ्याकडे प्लॉट घेताना सातबारा सगळेच बघतात, फेरफारही काढतात. झोन दाखला (जमीन विकास योजनेत रहिवास, शेती अशा कोणत्या विभागात येते ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला तेवढाच तुकडा) मात्र बहुतेकदा बँकेने मागितल्यावर, म्हणजे इसार देऊन झाल्यावर आठवतो. नगररचना विभागाची ही सेवा स्वस्त आहे, कामाची आहे. पण लोक तिच्यावर जेवढे विसंबतात तेवढी ती पुरी पडत नाही, आणि ती कुठे उणी पडते हे आधीच कळलेलं बरं.

काढायला अवघड काही नाही. ताजा सातबारा, गटाचा मोजणी नकाशा आणि फीचं चलन जोडून अर्ज करायचा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली भाग नकाशाला ३ दिवस आणि झोन दाखल्याला ७ दिवसांची मुदत आहे. पोच घेतल्याशिवाय ही मुदत मोजता येत नाही, म्हणून अर्ज टेबलावर ठेवून निघून येऊ नये. दोन्ही कागद एकाच अर्जात मागावेत. दाखला शब्दांत सांगतो, नकाशा रंगांत. एकाचा ताळा दुसऱ्याशी लागला पाहिजे. शिवार महापालिका-नगरपालिका हद्दीबाहेरचं असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जावं लागतं.

नकाशात पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती, एवढं दलालही सांगतो. खरी मेख दाखल्यातल्या एका शब्दात असते: ‘अंशतः’. ‘गट नंबर अमुक हा अंशतः रहिवास विभागात, अंशतः १८ मीटर रस्त्याने बाधित.’ गटाचा कोणता तुकडा? विकास योजनेच्या नकाशावर मूळ गट असतो. त्याचे पुढे पडलेले १, २, २/अ असे हिस्से बहुधा नसतात. चार भावांत वाटणी झालेल्या जमिनीत रस्ता नेमका कोणाच्या वाट्यातून जातो, हे या कागदावरून ठरत नाही. विकणारा ‘रस्ता भावाच्या हिश्शात आहे’ म्हणतो, आणि भाऊही तेच म्हणतो.

पट्टी लावून मोजावं म्हटलं तर प्रमाण आड येतं. नकाशा १:४००० चा असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. १२ मीटरचा रस्ता ३ मिलिमीटरचा, आणि पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेघच २ मीटर खाते. झेरॉक्स थोडी आखडली की प्लॉटची पुढची रांग रस्त्यात गेली किंवा रस्त्यातून सुटली. प्रादेशिक योजनेचा नकाशा त्याहूनही लहान प्रमाणाचा. उपाय एकच: भूमी अभिलेखकडून हिश्शाची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) घ्यायची आणि तिच्यावर नगररचना विभागाकडून रस्त्याची आखणी करून मागायची. याला वेळ लागतो, पैसेही जास्त जातात. पण ‘अंशतः’ लिहिलेलं असताना हे टाळणं म्हणजे प्लॉटच्या भावात रस्ता घेण्याची तयारी ठेवणं.

आरक्षणाबाबत दाखला बरा. शाळा, क्रीडांगण, उद्यान, जलकुंभ यांचा क्रमांक त्यात येतो. जागा ताब्यात घेतली का, हे येत नाही. ‘आरक्षण लॅप्स झालंय’ हे वाक्य शंभरदा ऐकू येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ तसं सरळ आहे: अंतिम योजना अमलात येऊन १० वर्षं झाली, जागा घेतली नाही, मग मालकाने सूचना बजावली आणि तिच्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. नुसती १० वर्षं उलटून काही होत नाही. सूचनेची पोच आणि राजपत्रातली अधिसूचना, दोन्ही मागावीत.

सगळ्यात मोठी उणीव सार्वजनिक सेवांची. पिवळ्या रंगाने नळाला पाणी येत नाही. २०० प्लॉटची वसाहत, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोज १ लाख ३५ हजार लिटर पाणी लागतं. १० हजारी टँकरच्या जवळजवळ १४ खेपा. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. मुख्य गटार नसेल तर शोषखड्डा, आणि आपल्या काळ्या मातीत तो पावसाळ्यात शोषतच नाही: माती फुगते, भेगा मिटतात, पाणी वर येऊन रस्त्यावर वाहतं. धुळ्यात इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळी, १८१९ नंतर, पेठ आधी आखली आणि घरं मागून आली. हद्दवाढीतल्या वसाहतींत घरं आधी येतात आणि पाइपलाइन वर्षानुवर्षं मागून. म्हणून दाखल्यासोबत पाणीपुरवठा विभागाला वेगळा लेखी प्रश्न विचारावा: जवळची वितरण वाहिनी किती अंतरावर, किती व्यासाची, कोणत्या जलकुंभावरची? गिरणा किंवा पांझरेच्या काठचा गट असेल तर जलसंपदा विभागाकडून निळी आणि लाल पूररेषाही (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा) बघावी. ती दाखल्यात असेलच असं नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण ‘अंशतः’पायी आणि सेवांच्या मौनापायी कापले. मंजूर लेआउटमधला, स्वतंत्र सातबारा झालेला प्लॉट असेल तर हे दोन कागद आणि लेआउटची मंजूर प्रत पुरते. मोकळ्या गटाला ते अपुरे.

कागद हातात पडल्यावर जावक क्रमांक, तारीख आणि दाखला मंजूर योजनेवरून दिलाय की प्रारूपावरून (मसुद्यावरून), ही नोंद तिथेच उभं राहून तपासावी. नसेल तर खिडकीवरूनच परत करून लिहून घ्यावी. सुधारित योजना चालू असलेल्या शहरात त्या एका ओळीवाचून रजिस्ट्रीला जाऊ नये.