यलो फीवरची लस घरी येऊन देणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा

सरकारी केंद्रावर माणशी ३०० रुपयांत मिळणारी लस. आम्ही चौघांचे मिळून १४,८०० रुपये मोजले आणि हातात आलं काय, तर चार पिवळी कार्डं (लस घेतल्याची प्रमाणपत्रं), चार खोटे शिक्के आणि दंडात टोचलेलं काहीतरी. ते काहीतरी म्हणजे नक्की काय होतं, हे अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही. लिहायला लाज वाटते. "एवढे शिकलेसवरलेले असून" हे नात्यातल्या सगळ्यांनी ऐकवून झालं आहे, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण परवा आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाला त्याच माणसाचा नंबर कुणीतरी फॉरवर्ड केला, म्हणून लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये केनियाला गेलो होतो, मसाई मारा बघायला. मी, नवरा, मुलगा आणि ६३ वर्षांच्या सासूबाई. बुकिंग नाशिकच्याच एका टूरवाल्याकडे. व्हिसाच्या जागी केनियाला आता ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, लागतो, तो त्याने काढून दिला, तंबूंचे नि जिराफांचे फोटो पाठवले, गरम कपड्यांची यादी दिली. यलो फीवरचं नाव मात्र शेवटचा हप्ता जमा झाल्यावर काढलं, निघायला जेमतेम आठवडा उरलेला असताना. "मॅडम, ते पिवळं कार्ड काढलंत ना? नाहीतर परत येताना अडकाल." मी हादरले, तर लगेच म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, आपला माणूस आहे, घरी येऊन देतो." टूरवाला असं काही बोलला की फोन ठेवा आणि बुकिंगच्या कागदावर लशीबद्दल काय लिहिलंय ते बघा. आमच्या कागदावर काहीच नव्हतं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया नियमाने हे कार्ड मागत नाही, कारण आपल्याकडे हा रोगच नाही, तिकडे आहे. कार्ड मागतो तो आपला देश, परत येताना. आपल्या कुंड्यांत आणि कूलरमध्ये वाढणारा डेंगीचा एडिस इजिप्ती डास यलो फीवरही पसरवतो. एक रुग्ण आत आला आणि त्याला इथला डास चावला, तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. कार्ड नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आणि भामट्यांची चांदी होते ती इथेच. जाताना कार्ड कुणी उघडून बघत नाही. खोटं बाहेर येतं ते सहल संपल्यावर, तोवर त्याने पैसेही खर्च केलेले असतात आणि सिमही बदललेलं असतं.

"सरळ सरकारी केंद्रावर का नाही गेलात?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त झोंबतो. फोन केले होते हो आम्ही. एका ठिकाणी कुणी उचललाच नाही. दुसऱ्या ठिकाणी त्या आठवड्यातल्या तारखा भरलेल्या. ही लस एका कुपीत अनेकांची असते आणि कुपी एकदा तयार केली की सहा तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून ठरावीक वारीच देतात. हे आता माहीत झालं. तेव्हा वाटलं, नेहमीचा कारभार, कोण खेटे घालणार. शिवाय ज्या टूरवाल्याला लाखांत पैसे दिले तो स्वतः नाव सुचवतोय, तर संशय घ्यायचा कुणाचा? तुम्ही घेतला असता? खरं सांगा.

तो मंगळवारी संध्याकाळी आला. पांढरा शर्ट, गळ्यात आयकार्ड, पण ते उलटं फिरलेलं, पूर्ण वेळ उलटंच. हातात निळा आइसबॉक्स. झाकण काढलं तेव्हा आतला जेल पॅक मऊ पडलेला मला दिसला. कुपीतलं औषध पाण्यासारखं पातळ, तयारच होतं, त्याने थेट सिरिंजमध्ये ओढलं. एकाच कुपीतून चौघांना. सुया मात्र चौघांसाठी नव्या फोडल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि आज त्यावरच जीव धरून आहे. सासूबाई म्हणाल्या, "अरे, मला बीपी आहे, गोळी चालू आहे." तर म्हणे, "आजी, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं." वय विचारलं नाही. अंड्याची ॲलर्जी आहे का, तेही नाही. ही लस अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भावर वाढवतात, म्हणून हा प्रश्न खऱ्या केंद्रावर चुकत नाही. आणि साठीच्या पुढच्या माणसाला दुर्मिळ पण गंभीर त्रास होण्याचा धोका जास्त, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर आधी तपासून ठरवतात. ती लस खरी असती तर आईंचं काय झालं असतं, हा विचार मी करायचं टाळते. खोटी होती याचं समाधान मानायची वेळ यावी!

आता तो क्षण. त्याने बॅगेतून कार्डं काढली. शिक्का, सही, बॅच नंबर, सगळं आधीच तयार. फक्त नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर भरायचा बाकी. ठिकाण मुंबई. आणि तारीख दोनेक आठवडे मागची. त्याच तारखेला आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नाशिकमध्ये. डोळ्यात थेंब कधी कधी घालायचे त्याचा तक्ता फ्रिजवर अजून चिकटवलेला होता, माझ्याच अक्षरात, वर तीच तारीख. तो तक्ता माझ्या समोर, कार्ड हातात. मी विचारलंसुद्धा, "ही तारीख अशी कशी?" त्याने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, ती बॅचची तारीख असते, सिस्टीमला तशीच जाते." सिस्टीम म्हटलं की आपण गप्प बसतो. नवऱ्याने तोवर जीपे उघडलं होतं. माणशी ३,२०० म्हणजे १२,८००, वर घरपोच सेवेचे २,०००. त्यातले ५,००० यूपीआयने घेतले आणि ९,८०० रोख मागितले, का तर "सरकारी चलन कॅशनेच भरावं लागतं." पावती "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला. अजून टाकतोच आहे.

ती मागची तारीख मी मागितली नव्हती. हे ठळक सांगते, कारण पुढे मलाच आरोपी ठरवायचा प्रयत्न झाला.

परतीच्या विमानतळावर आरोग्य तपासणीच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने आमचं पहिलं कार्ड उघडलं, अर्धं मिनिट बघितलं आणि टेबलाचा ड्रॉवर ओढून आणखी दोन कार्डं बाहेर काढली. शेजारी शेजारी ठेवली. तेच अक्षर, तोच बॅच नंबर. शिक्क्यात ऑर्गनायझेशन शब्दातलं एक अक्षर गळलेलं, तिन्हीकडे तेच. "लस कशी दिली? पावडरमध्ये द्रावण मिसळून?" नाही, तयारच होती. "मग झालंच," तो म्हणाला. ही लस पावडरच्या रूपात येते आणि ऐन वेळी कालवतात. हे सामान्य माणसाला कुठून कळणार? आता तुम्हाला कळलं, लक्षात ठेवा.

क्वारंटाइनबद्दल फार लिहीत नाही. खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाण्या, बाहेर पाऊस. कर्मचारी चांगले होते. नवऱ्याची बिनपगारी रजा झाली, मुलाची चाचणी परीक्षा बुडाली, आणि आम्हाला न्यायला नाशिकहून आलेली गाडी रिकामी परत गेली त्याचे ६,५०० वेगळे. घरी आल्यावर डॉक्टरांनी चौघांच्या एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या सांगितल्या, त्याचे ७,२००. तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या आहेत. मुलगा विचारतो, कशाची टेस्ट? त्याला काय सांगू?

आता तक्रारीची कहाणी. विमानतळाजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, फसवणूक नाशिकला झाली, तिकडे जा. नाशिकला आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर, कार्डावर मुंबई लिहिलंय, खोटं कार्ड वापरलं विमानतळावर, तिकडेच जा. मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, आता कायद्यातच आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवावा लागतो. साहेब हसले. "मॅडम वकील आहेत का?" मग सुरू झालं, की खोटं कागदपत्र सादर केलं ते तुम्ही, नीट विचार करा, गुन्हा तुमच्यावरही होऊ शकतो. चोर शिक्के बनवत फिरतोय आणि दम मला! यूपीआयने पैसे दिले म्हणून सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला. म्हणे माणूस घरी येऊन भेटला, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, हा सायबर गुन्हा बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तर त्यांनी विचारलं, सेवा देणाऱ्याचं बिल आहे का? बिल असतं तर मी रडत कशाला बसले असते? आरोग्य खात्याला ईमेल केला, उत्तर आलं की विषय पोलिसांचा आहे. आणि टूरवाला? "आम्ही फक्त नंबर दिला, सक्ती केली नव्हती." कमिशन घेताना सक्ती नव्हती बहुतेक.

शेवटी लेखी अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करून, म्हणजे जुनं ४२०. महिनाभराने चौकशीला गेले तर अर्ज सापडत नाही.

तर, पुन्हा सांगते. यलो फीवरची लस भारतात केंद्र सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि बंदर आरोग्य कार्यालय आहे. आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी आहे, त्यात नाव नसेल तर तो दवाखाना कितीही चकचकीत असो, बाहेर पडा. घरी कुणीही देत नाही, कितीही पैसे दिले तरी. मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं. तिकीट काढायच्या आधी लशीची तारीख घ्या, नंतर नव्हे. कोऱ्या कार्डावर आधीच शिक्का दिसला तर पैसे देऊ नका. आणि "दहा वर्षं झाली, रिन्यू करून देतो" म्हणणाराही भामटाच, कारण ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. जुनी कार्डंसुद्धा. आमच्या चुलत दिरांकडून असेच १,८०० उकळले होते, ते आता बोलतायत.

याच माणसाचं कार्ड कुणाकडे असेल, आणि असणारच, तर निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारी केंद्रावर खरी लस घ्या. तिथे आधी कुणी काय टोचलं ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. तक्रार द्यायला गेलात तर अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माझ्या दुसऱ्या अर्जावर तो आहे. पहिल्यावर नव्हता.