धुळ्यातलं मुलांचं समुपदेशन केंद्र: आमचा अनुभव

आम्ही अमळनेर तालुक्यातले. नातू घरात अहिराणीत अखंड बडबडतो, शाळेत मात्र चकार शब्द नाही. मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांनी गुळगुळीत चित्रांची कार्डं दाखवली, त्यात बर्फाचा माणूस! पोरगं गप्प, आणि कागदावर 'भाषाविकास मागे'.

धुळ्याच्या समुपदेशक ताईंनी आधी अहिराणीतच विचारलं, "तुनं नाव काय शे?" पोरानं मान वर केली, बोलला नाही. त्यांनीही खोदलं नाही. मातीचे बैल पुढे सरकवले आणि माझ्याशीच कपाशीच्या गप्पा मारत बसल्या. थोड्या वेळाने तो माझ्या कानात पुटपुटला, "आजी, यानं शिंग मोडेल शे." म्हणजे याचं शिंग मोडलंय. याला निवडक मूकत्व म्हणतात, ती भीती असते, हट्ट नव्हे, हे त्यांनी समजावलं. बोल म्हणून दटावू नका, बोलल्यावर टाळ्याही पिटू नका. आधी रिकाम्या वर्गात आईशी बोलू द्या, मग हळूच एक मित्र आत आणा.

सासूबाईंनी भगताकडे नेऊन आणल्याचं सांगितलं तर ताई हसल्या नाहीत. अंगारा लावा म्हणाल्या, फक्त पोराला उपाशी ठेवू नका. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, रविवारानंतरची वेळही न मागता दिली.

खटकलं ते एवढंच: पार्टिशन पातळ, शेजारचं सगळं ऐकू येतं. फी आमच्यासारख्यांना जड. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी जा.