संत्र्याची कलमे: वाफ्यातली की प्रमाणित रोगमुक्त?

वरुडकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे: नव्या बागेला जवळच्या रोपवाटिकेतली वाफ्यातली कलमे घ्यावीत, की पिशवीतली प्रमाणित?

किंमत पाहिली तर वाफ्यातली स्वस्त. प्रमाणितांना पैसे जास्त, आणि मागणी वेळेत नोंदवावी लागते.

खरा फरक रोगात आहे. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे संत्र्याचे दोन मोठे रोग. ट्रिस्टेझाचा विषाणू आणि ग्रीनिंगचा जिवाणू भरलेल्या डोळ्यातूनच, म्हणजे खुंटावर बसवलेल्या कळीतूनच, नव्या कलमात उतरतात. कलम हिरवंगार दिसतं, लक्षणं पुढे बागेत दिसतात, आणि तेव्हा फवारणीने झाड बरं होत नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या अतिसूक्ष्म टोकाचं कलम करतात, कारण तिथवर विषाणू सहसा पोचलेला नसतो. मग तपासणी करूनच मातृवृक्ष, म्हणजे डोळे घ्यायचं झाड, ठरतो. शिवाय वाफ्यातल्या मातीबरोबर डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची, बुरशी येऊ शकते. निर्जंतुक माध्यमातल्या पिशवीत तो धोका फार कमी.

देखभाल दोन्हीकडे सारखीच. मावा ही कीड ट्रिस्टेझा पसरवते, सायला ही कीड ग्रीनिंग. त्यांना आवरलं नाही तर प्रमाणित कलमही रोगट होतं.

नवी बाग सलग लावणार असाल तर प्रमाणितच घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. आधीच रोगट झालेल्या जुन्या बागेत चार नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरायच्या असतील, तर वाफ्यातली चालतील, पण मातृवृक्ष स्वतः पाहून.