टॅब घ्यावेत की वापरलेले संगणक? तिसरी-चौथीचा विचार करून

लोकवर्गणी जमली की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय निघतोच. आमच्या जिल्हा परिषद शाळेत दोन्ही आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

टॅबची बाजू आधी, कारण ती खरोखर जड आहे. मराठवाड्यात लाईटीचा भरवसा किती, ते तुम्हाला सांगायला नको. चार्ज केलेला टॅब असला की लाईट गेली तरी तास बुडत नाही. पहिली-दुसरीच्या लेकरांचा हात माउसवर बसायला वेळ लागतो, टॅबवर बोट लगेच चालतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड धरला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर पाठ उघडतो. वाचनासाठी गुगलचं ‘रीड अलाँग’ आम्ही वापरलं (2019 साली ते ‘बोलो’ नावानं आलं होतं). मूल मोठ्यानं वाचतं, अ‍ॅप ऐकतं, अडलेला शब्द सांगतं. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेटही लागत नाही. वर्गात तोंड न उघडणारी पोरं तिथं मोकळी वाचतात. संगणकावर ही सोय मला तरी जमवता आली नाही.

मग माझं मन फिरलं कशावरून? कीबोर्डच्या वर येणाऱ्या शब्दांच्या पट्टीवरून.

मुलांना ‘पाऊस’ लिहायला सांगावं, तर ‘पा’ उमटतो न उमटतो तोच पट्टीत पाणी, पाहिजे, पाऊस हजर. लेकरू नेमक्या शब्दावर बोट ठेवतं आणि मोकळं होतं. ऊ ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्नच त्याला पडत नाही. मग शुद्धलेखन तपासायचं कुणाचं, लेकराचं का टॅबचं? पट्टी बंद करता येते, मी केलीही. पण सेटिंगमध्ये शिरून ती परत चालू करण्यात आमची चौथी माझ्यापेक्षा तरबेज आहे. वर तो माइक. “सर, बोललं की लिहितंय की ते!” आणि आमच्याकडचं ‘जेवायलोय’, ‘करायलोय’ त्याला धड कळत नाही. तो भलतंच छापतो, आणि पोरगं समजतं आपलंच बोलणं चुकलं.

संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, सुरू केली आणि कीबोर्डला मराठीचे स्टिकर लावले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. ‘वाक्य’ लिहायचं तर क, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. जोडाक्षर कसं बनतं हे फळ्यावर सांगून जेवढं कळत नव्हतं, तेवढं त्या एका हलन्ताच्या बटणानं कळलं. ‘कि’ लिहिताना क आधी दाबायचा, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी पुढं जाऊन बसते. यावर वर्गात जी चर्चा झाली ती मला व्याकरणाच्या तासाला कधी मिळाली नव्हती.

दुसरं म्हणजे फाईल. आपलं काम नाव देऊन ठेवणं, उद्या शोधून उघडणं, नको ते पुसणं हे टॅबवर फारसं घडतच नाही; अ‍ॅप सगळं परस्पर ठेवून घेतं. संगणकात प्रत्येकाचं फोल्डर आहे. दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं लेकरू परतलं की आधी आपलं फोल्डर उघडून बघतं. टक्स पेंट या लेकरांच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये काढलेली बैलगाडी तिथंच असते.

त्रास आहेत. धूळ, जागा, आणि लाईट गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी, जी दम तोडते तेव्हा परत लोकवर्गणीच. माझा अनुभव एका शाळेचा आहे, तुमच्याकडं पहिली-दुसरीचाच पट मोठा असेल तर टॅब घ्या, वाचनाला उपयोगी पडतील. पण तिसरीपासून पुढं शिकवायचं असेल आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी संगणकाकडं झुकेन. ते घेताना यूपीएसचे पैसे त्याच वर्गणीत धरा, आणि खोलीतलं वायरिंग गावातल्या वायरमनकडून आधी तपासून घ्या.