जहाजावरचं इंटरनेट : आईला माझे ओठ दिसले का?

माझ्या आईला ऐकू येत नाही. कान हळूहळू गेले, मशीनचा उपयोग बेताचाच, आणि आता ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. त्यामुळे मी बाहेरगावी असले की नुसता फोन करून भागत नाही, व्हिडिओ कॉलच लागतो. तोही मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नाही. तिच्याकडे टॅबलेट आणि माझ्याकडेही टॅबलेट, तरच तिला ओठ नीट दिसतात. ताईबरोबर सात रात्रींच्या क्रूझला जायचं ठरलं तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता, की रोज आईशी बोलता येईल का? जहाजाच्या खोल्यांबद्दल आणि करमणुकीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी फक्त इंटरनेटबद्दल लिहिते.

तर, बोलता आलं. पाच दिवस अगदी स्वच्छ, एक दिवस अडखळत, आणि पहिल्या दिवशी अजिबात नाही. पहिल्या दिवसाचा दोष उपग्रहाचा नव्हता, इंटरनेटचा प्लॅन विकणाऱ्यांचा होता.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका सफरीला गेलो होतो. तेव्हा जहाजाचं इंटरनेट भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या उपग्रहावरून यायचं. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतात. आपलं म्हणणं तिथवर जाऊन खाली यायचं, मग समोरून उत्तर त्याच वाटेने परत, यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. त्यात एकाच अरुंद वाटेवर अख्ख्या जहाजाची गर्दी. चित्र सारखं थिजायचं. एकदा मी बोलता बोलता तोंड वेडंवाकडं झालेलं असताना चित्र थांबलं आणि तसंच राहिलं. मी रडतेय असं वाटून आई घाबरली. पुढचे दोन दिवस दादा-वहिनी तिची समजूत काढत होते. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

आता बऱ्याच जहाजांवर खालच्या कक्षेतले उपग्रह वापरतात. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. 2022 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने आपल्या जहाजांवर ही सेवा बसवायचं जाहीर केलं आणि मग इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. आमच्या या वेळच्या जहाजावरही खालच्या कक्षेतलीच सेवा होती. फरक मला आकड्यांवरून कळला नाही, आईच्या चेहऱ्यावरून कळला. मी वाक्य संपवायच्या आतच तिची मान हलायला लागली. समोरासमोर बोलताना हलते तशीच.

आता पहिल्या दिवसाचं. निघण्यापूर्वी कंपनीच्या साइटवर दोन प्लॅन होते, एक छोटा, मेसेज आणि सोशल मीडियासाठी, आणि एक मोठा, स्ट्रीमिंगचा. मला सिनेमे बघायचे नव्हते, म्हणून मी छोटा घेतला. ‘घरच्यांच्या संपर्कात राहा’ असं त्यावर ठळक लिहिलं होतं. संध्याकाळी आईला कॉल लावला. तिकडे रिंग गेली, वहिनीने उचलला, आणि पडदा काळाच. पाच वेळा लावला. टॅबलेट बंद करून चालू केला. मग काउंटरवर रांगेत चाळीस मिनिटं उभी राहिले, तेव्हा तिथल्या मुलाने शांतपणे सांगितलं, “मॅडम, या प्लॅनमध्ये व्हिडिओ कॉल चालत नाहीत.” मेसेज जातात, कॉल अडवलेला असतो. हे अटींच्या लांबलचक पानात कुठेतरी असेलही, पण बटणाशेजारी नव्हतं. मोठा प्लॅन घेतला, तर निघण्यापूर्वी बुकिंग केल्यावर मिळणारी सवलत गेलेली, जहाजावरचा चढा दर लागला. पैशांचं मी एक वेळ सोडून देईन. त्या रात्री वहिनीने आईला कागदावर ‘उद्या’ असं लिहून दाखवलं आणि आई तो कागद हातात धरून बसली होती, ते मला सोडून देता येत नाही.

ज्यांना घरच्यांशी समोरासमोर बोलायचंय त्यांनी प्लॅन घेताना एवढंच विचारावं, की व्हिडिओ कॉल चालतो का? ‘वेगवान’, ‘अमर्याद’ या शब्दांवर जाऊ नये. आणि प्लॅन शक्यतो जहाजावर चढण्याआधीच घ्यावा.

दुसरी अडचण मी माझ्याच हाताने ओढवून घेतली. आमचा प्लॅन एका उपकरणाचा. एका वेळी एकच उपकरण जोडलेलं चालतं. ताईला तिच्या मोबाइलवर मेसेज बघायचे असले की मी टॅबलेटवरून लॉग-आउट करायचं, मग तिने लॉग-इन करायचं. नुसतं वाय-फाय बंद करून जागा मोकळी होत नाही, लॉगिनच्या पानावर जाऊन बाहेरच पडावं लागतं. हे जमलं. पण तिसऱ्या दिवशी सेटिंग्ज चाळताना मी खासगी वाय-फाय पत्त्याचा (टॅबलेटची खरी ओळख वाय-फायपासून लपवणारा) पर्याय बदलला, आणि जहाजाच्या यंत्रणेला माझा टॅबलेट नवाच वाटला. ‘उपकरणांची मर्यादा संपली’ असा संदेश. पर्याय पूर्वीसारखा केल्यावर पाच मिनिटांत सुरू झालं. तेव्हा पहिल्या दिवशी जे सेटिंग असेल ते सफर संपेपर्यंत तसंच राहू द्या.

बसायचं कुठे, हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा प्रश्न. जहाजाच्या भिंती पोलादी, त्यामुळे वाय-फाय खोलीत सगळीकडे सारखं पोहोचत नाही. आमच्या खोलीत दाराशी पूर्ण रेंज आणि खिडकीशी जेमतेम एक रेघ. पण उजेड खिडकीशी! ओठ वाचायला चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. दाराशी बसलं तर माझा चेहरा काळपट दिसायचा, आणि खिडकीशी बसलं तर चित्र अडकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळभर टॅबलेट हातात घेऊन मी जहाजभर हिंडले. शेवटी सातव्या मजल्यावर पुस्तकांच्या खोलीत एक कोपरा सापडला. समोर मोठी खिडकी, डोक्यावर छताला वाय-फायची पांढरी चकती, आणि सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. टेबलावर तीन जाड पुस्तकं रचून त्यांना टॅबलेट टेकवायचा, कॅमेरा बरोबर तोंडासमोर येतो. बहुतेक सगळे चांगले कॉल तिथूनच झाले. बंदरावर जहाज थांबलं की बरेचसे लोक उतरतात, तेव्हा तर वेग विचारूच नका.

सहाव्या दिवशी पाऊस होता. सगळे प्रवासी आत आणि सगळेच इंटरनेटवर. कॉल लागला, पण चित्र चौकोनी-चौकोनी. तेव्हा एक गोष्ट नीट कळली. नेट कमी पडलं की कॉलचं अ‍ॅप आवाज सांभाळतं आणि चित्र सोडून देतं. बाकी सगळ्यांच्या सोयीचं तेच असेल, पण आम्हाला नेमकं उलटं हवं. आवाजाचं आई काय करणार? शेवटी ताईने सुचवलं म्हणून टॅबलेटवरच चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, सावकाश बोलले, आणि तो मेसेजमधून पाठवला. जायला चार-पाच मिनिटं लागली, पण अखंड पोहोचला. आईने तो तीनदा पाहिला, असं वहिनीने कळवलं. मग आईचा उलट व्हिडिओ आला, त्यात ती माझ्याच एका वाक्याला उत्तर देत होती. आमच्यासारख्या घरात कोणाला ऐकू येत नसेल तर ही युक्ती जरूर लक्षात ठेवा. खराब कॉलपेक्षा ती कितीतरी बरी.

टॅबलेट नुसता वाय-फायचा असला तर एक धास्ती वाचते. समुद्रात मोबाइल जहाजाचंच मोबाइल नेटवर्क पकडतो, त्याचा खर्च नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेला नसतो. म्हणून जहाज सुटायच्या आधीच मोबाइल विमान मोडवर टाकायचा आणि मग फक्त वाय-फाय चालू करायचं. सिमकार्ड नसलेल्या टॅबलेटला हा धोकाच नाही. पण विमान मोडवर एसएमएसने येणारा ओटीपी सहसा मिळत नाही, तेव्हा बँकेची कामं घरूनच उरकून निघा.

आणखी एक. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. माझ्या नकाशावरचा निळा ठिपका भलत्याच किनाऱ्यावर जाऊन बसला होता. “तू कुठे आहेस?” असं आईने विचारलं तर मी मागचा कॅमेरा चालू करून खोलीतल्या टीव्हीवरचा जहाजाचा नकाशा दाखवायचे. तिला ते फार आवडायचं. घड्याळाचंही तसंच. जहाजाची वेळ जहाजावर जाहीर होते, टॅबलेट मात्र स्वतःच्या अंदाजाने वेळ बदलतो. एकदा आई तासभर वाट बघत बसली. तेव्हापासून आपोआप वेळ बदलण्याचा पर्याय बंद करून हाताने लावली.

बाकी किरकोळ. अ‍ॅपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप निघण्यापूर्वीच बंद करा, नाहीतर कॉलच्या वेळी तेच सगळं नेट खातात. जहाजाचं स्वतःचं अ‍ॅप बहुतेक कंपन्यांत प्लॅन न घेताही चालतं, त्यात रोजचं वेळापत्रक मिळतं. आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारा भाग) असलेली एक्स्टेंशन बोर्डची पट्टी नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. ताईची घेतली.

शेवटच्या रात्री मी आईला म्हटलं, “उद्या सकाळी उतरतोय.” ती ओठांकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, “उद्या सकाळी,” आणि मग मोठ्याने म्हणाली, “स्वेटर घालून उतर.”

उतरताना टॅबलेटवर अभिप्रायाचा फॉर्म आला. सेवेच्या वेगाला मी पाचपैकी पाच दिले, प्लॅनच्या माहितीला एक. खालच्या चौकटीत लिहिलं, की छोट्या प्लॅनच्या बटणाशेजारी ‘यात व्हिडिओ कॉल चालत नाही’ एवढं छापा. उत्तर अजून आलेलं नाही.